मधूनच विचारलं तर

कर्जतच्या शाळेत मुलं मला खडूस म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. इंग्रजीच्या पुस्तकात क्रियापदामागे येणाऱ्या त्या चिमुकल्या शब्दांचा धडा आला, की माझा पारा चढलेलाच असायचा. ऑन, ऑफ, अप, डाउन, इन, आउट, अवे, ओव्हर. गाईडात त्यांची यादी चौकटीत छापलेली असते. मुलं ती रात्रीतून घोकून यायची आणि वर्गात उभी राहून एका दमात ओकून दाखवायची. मी ते ऐकूनच घ्यायची नाही. मी मधूनच विचारायची. सव्विसावा विचारला, की चौथा, चौथ्यावरून एकतिसावा. मुलगा ओठातल्या ओठात पहिल्यापासून पुटपुटायला लागला, की मी टेबलावर डस्टर आपटायची. "पहिल्यापासून नाही! हा सांग! आत्ता!" एकदा एक मुलगी रडायलाच लागली. हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं, म्हणाले, बाई, जरा सबुरीनं घ्या, पोरं खेड्यापाड्यातली आहेत. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

खेड्यापाड्यातली आहेत म्हणूनच, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. पण ते सांगायचं तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं.

आमचं गाव खालापूरजवळ, पाताळगंगेच्या काठी. गाव वरच्या अंगाला आणि आमची वस्ती नदीकडे उतरलेली. माझ्या जन्माआधी चार वर्षं वस्तीनं धर्म बदलला. तोवर बाबांनी आयुष्यात काही पाठ केलेलं नव्हतं. शाळेत ते जेमतेम दुसरीपर्यंत गेले, तेही दाराबाहेर बसून. सही यायची, आणि मराठी अक्षरं बोटाखाली धरून एकेक करत वाचता यायची. पण बौद्ध झाल्यावर कर्जतकडून एक कार्यकर्ते दर पौर्णिमेला यायचे, ते वंदनेची एकेक ओळ म्हणायचे आणि वस्तीतली मोठी माणसं मागून म्हणायची. पाली भाषा, कुणाला तिचा गंधही नव्हता. बाबांनी तीन महिन्यांत सबंध वंदना पाठ केली. मांडीवर हातानं ताल धरून ते ती म्हणायचे, आणि त्यात काना-मात्रेची चूक व्हायची नाही.

मात्र एक होतं. मी लहानपणी त्यांना मुद्दाम विचारायची, बाबा, तिसरं शील कुठलं? ते मांडीवर हात ठेवून पहिल्यापासून सुरुवात करायचे, पहिलं म्हणायचे, दुसरं म्हणायचे, तिसऱ्याशी थांबून बोट वर करायचे. "ह्ये." मला हसू यायचं. तेही हसायचे. "आमची गाडी पयल्या ठेसनावरनंच सुटती गं," म्हणायचे.

वस्तीतल्या सगळ्याच मोठ्या माणसांचं असं होतं. ज्यांना कुणी पुस्तक हातात धरू दिलं नाही त्यांनी कानानं उचललं, आणि कानानं उचललेलं ओळीनंच उचललं जातं. त्यात त्यांचा दोष नाही. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि तेच वाईट आहे.

बाबा खोपोलीच्या एका कारखान्यात होते. तो आता तिथे नाही. लोखंडी नळ्या ॲसिडच्या टाक्यांत बुडवून साफ करायच्या, असं त्यांचं खातं. टाकीच्या काठावर उभं राहून नळ्यांच्या मोळ्या खाली सोडायच्या आणि वर घ्यायच्या, आठ तास. पंधराएक वर्षं ते हेच करत होते. त्यांचे खाकी शर्ट महिन्याभरात चाळणी व्हायचे. आई त्यांचे कपडे आमच्या कपड्यांत भिजवू द्यायची नाही. ॲसिडची वाफ आधी दात खाते, ही गोष्ट मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही, घरात बघितलेली आहे. बाबांचे पुढचे दात झिजून झिजून निम्मे उरले होते. भाकरी ते दाढेकडून तोडायचे. मग खोकला लागला, तो पावसाळा संपला तरी जाईना. खोपोलीच्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, त्या टाकीवरून यांना हलवा, नाहीतर पाच-सहा वर्षं, जास्त नाही.

हलवा म्हणजे कुठे हलवणार? शेत अर्ध्या एकराचं, तेही वाटणीतलं. दुसरी नोकरी कोण देणार?

आणि त्याच दिवाळीच्या सुमारास कारखान्यात नवीन यंत्र आलं. परदेशातून आलेलं. त्यात टाक्या झाकलेल्या, मोळ्या आपोआप वर-खाली होणाऱ्या, आणि चालवणारा माणूस काचेच्या केबिनीत बसणार. केबिनीत वाफ येत नाही, हे बाबांनी घरी येऊन दोनदा सांगितलं. जुन्या कामगारांतून चार जण तिथे घेणार होते. अट एकच. यंत्रावरच्या सगळ्या पाट्या इंग्रजी, फोनवरून वरच्या साहेबांचे हुकूम येणार तेही इंग्रजी, म्हणून चाळीस हुकूम पाठ पाहिजेत. साहेब हुकूम म्हणेल, कामगारानं त्याचा अर्थ हिंदीत नाहीतर मराठीत सांगायचा. तोंडी परीक्षा, संक्रांतीनंतर. त्या चाळीस हुकमांचा सायक्लोस्टाइल केलेला कागद बाबा खिशात घडी घालून घेऊन आले आणि माझ्यापुढे धरला.

मी दहावीत होते. वस्तीत दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. बाबांनी कागद माझ्या हातात दिला तो दोन्ही हातांनी.

कागदावर ओळीनं लिहिलेलं होतं. टर्न ऑन. टर्न ऑफ. लेट इन. लेट आउट. हीट अप. कूल डाउन. शट ऑफ. शट डाउन. कट इन. कट ऑफ. कट डाउन. फिल अप. ड्रेन ऑफ. असे चाळीस. तेच ते चार-दोन शब्द पुढे, आणि तेच ते चार-दोन मागे, नुसती अदलाबदल.

बाबांना पहिल्या दिवशीच मर्म कळलं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ते वर्षभरात कळत नसे. म्हणाले, "म्हंजी पुढचा शबूद बैल आनि मागचा कासरा. बैल त्योच, पर कुठं वळायचा त्ये कासरा सांगनार." मी म्हटलं, अगदी बरोबर. मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो खरा होता, एवढं तरी मला लिहू द्या.

शिकवणी नदीवर चालायची. बाबा दुसऱ्या पाळीला असले, की सकाळी मी धुणं घेऊन जायची तेव्हा तेही यायचे. वरून वीजघराचं पाणी सुटलेलं असायचं, ऐन थंडीतही नदी भरून वाहायची आणि धुण्याचा दगड निम्मा पाण्यात असायचा. मी कपडा दगडावर आपटायची आणि ओरडायची, "टर्न ऑन!" बाबा काठावर बसून मांडीवर थाप मारून म्हणायचे, "चालू करा!" मी पुन्हा आपटायची, "टर्न ऑफ!" थाप. "बंद करा!" त्यांच्याच शर्टांवर हा अभ्यास चालायचा. आपटता आपटता एखाद्या शर्टाची बाही माझ्या हातात यायची आणि आम्ही दोघं खाली बसून हसायचो. मग त्यांना खोकला यायचा, आणि मग आम्ही थांबायचो.

पाच-सहा आठवड्यांत चाळीसच्या चाळीस झाले. बाबा डोळे मिटून, मांडीवर थापा मारत, हुकूम आणि अर्थ, हुकूम आणि अर्थ, असं शेवटपर्यंत म्हणून दाखवायचे. आई चुलीपुढे भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मध्ये कुणी बोललं तर तिला चालायचं नाही.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. रविवार होता. मी नदीवर होते आणि बाबांचं एकदा सगळं म्हणून झालं होतं. तेवढ्यात वरच्या गावातली माझी वर्गमैत्रीण काठाच्या वर येऊन उभी राहिली. शेतकऱ्याघरची, गावात त्यांचा शब्द चालायचा. आम्ही चार वर्षं एका बाकावर बसत होतो, पण तिच्या घरी मी कधी गेले नव्हते. आमच्या वस्तीतलं कुणीच त्यांच्या दारापलीकडे गेलेलं नव्हतं. ती वरूनच म्हणाली, "आयनं बोलावलंय तुला. आज जेवायलाच ये. येतीस ना?"

आता हे कुणाला सांगून कळेल की नाही, मला माहीत नाही. मी पंधरा वर्षांची होते आणि मला जेवायला बोलावलं होतं. मी तिला म्हटलं, थांब, आलेच, दोन मिनिटं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "बाये, मधनंच इचारलं तर गं?"

मी पिळता पिळता म्हटलं, "कट ऑफ?"

बाबांनी मांडीवर हात ठेवला. टर्न ऑन, चालू करा. टर्न ऑफ, बंद करा. लेट इन. लेट आउट. मी बघत होते. ते 'कट ऑफ'पर्यंत पोचले आणि त्यांनी बोट वर केलं. "तोडा. ह्ये." अर्थ अगदी बरोबर होता. फक्त मधल्या वेळात माझा एक सबंध परकर पिळून झाला होता.

हे सुधारायचं कसं, हे मला ठाऊक होतं. आमच्या शाळेतले सर चिठ्ठ्या करायचे. एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द, चिठ्ठ्या पिसायच्या, आणि जी येईल ती विचारायची. पहिल्या दिवशी डोकं भणभणतं, पण चार-सहा दिवसांत ओळ मोडते आणि शब्द सुटे होतात. आठ दिवस होते. पुरले असते. पण त्यासाठी त्याच वेळी खाली बसायला हवं होतं, बाबांना सांगायला हवं होतं, की हे सगळं पुन्हा नव्यानं करावं लागणार. त्यांचा चेहरा पडला असता. आणि मैत्रीण वर उभी होती, पायानं खडे ढकलत.

मी म्हटलं, "मधून विचारत नाहीत, बाबा. परीक्षेत ओळीनंच विचारतात. पद्धतच आहे तशी."

बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी लगेच गेली. "पद्धतच हाय तर मंग झालं," ते म्हणाले, आणि पिळलेल्या कपड्यांची बादली स्वतः उचलून घरी घेऊन गेले.

मैत्रिणीच्या घरी मला पडवीत बसवलं. पडवीच्या कोनाड्यात एक कान नसलेला कप होता, तो तिच्या आईनं स्वतःच्या पदरानं धरून खाली ठेवला आणि वरून चहा ओतला. जेवण पत्रावळीवर आलं, पत्रावळ मी उचलायची होती. मैत्रीण आत स्वयंपाकघरात जेवली. तिच्या आईनं उंबऱ्यात बसून गोड बोलत माझी चौकशी केली. "तू इंग्लिशमधी लय हुशार हायस म्हनं. आमच्या हिला जरा सांग की. चाचणीत दोनदा नापास झालीय." तेव्हा मला कळलं, की मला जेवायला बोलावलेलं नव्हतं.

मी उठून यायला हवं होतं. नाही आले. तसं उठून येणं गोष्टीत बरं दिसतं. मी पडवीतच बसून वहीचं पान फाडलं, त्याच्या चिठ्ठ्या केल्या, आणि मैत्रिणीला ते चिमुकले शब्द शिकवले. पिसून पिसून विचारले. उन्हं कलेपर्यंत तिला बरेचसे आले. तिची आई फार खूश झाली, मला जाताना चार पेरू दिले, वरून ओंजळीत टाकले. ते पेरू मी वाटेत ओढ्यात फेकून दिले.

म्हणजे चिठ्ठ्या मी केल्या. त्याच दिवशी केल्या. फक्त ज्याच्यासाठी करायच्या होत्या त्याच्यासाठी केल्या नाहीत.

त्यानंतरही आठ दिवस होते. माझी पूर्वपरीक्षा होती, हे खरं. पण मुख्य कारण ते नव्हतं. मुख्य कारण हे, की बाबांसमोर बसून, मी तुम्हाला खोटं सांगितलं, हे म्हणणं मला जड जात होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. आणि मनाची समजूत अशी घालायची, की साहेबांच्या हातातही तोच कागद असणार, ते काय मुद्दाम मधूनच विचारतील? ओळीनंच विचारतील. खोटं आठ दिवस जवळ बाळगलं, की ते आपल्यालाही खरं वाटायला लागतं.

परीक्षा दोन दिवस होती. बाबांचा नंबर दुसऱ्या दिवशी. आईनं त्यांचा एकुलता एक पांढरा शर्ट काढून ठेवला होता. जाताना त्यांनी वंदना म्हटली आणि सायकलला टांग मारून गेले.

संध्याकाळी आले ते सायकल हातात धरून चालत आले. ओट्यावर बसले, पाणी मागितलं. काय झालं ते त्यांनी नीट सांगितलं, काही लपवलं नाही. साहेब तरुण होता, मराठी जेमतेम कळणारा. त्यानं पहिलाच हुकूम विचारला तो 'ड्रेन ऑफ'. तो कागदावर बराच खाली. बाबांनी मांडीवर हात ठेवून सुरुवात केली. "मी 'कूल डाउन'पातूर आलो व्हतो, तवर त्यानं दुसरं इचारलं. मी म्हनलं आधीचं पुरं करू, त्याबिगर दुसरं कसं सांगायचं? मंग त्यानं तिसरं इचारलं, आनि तवर माझं पयल्याचं उत्तर आलं." तिसरा हुकूम 'फिल अप' होता. बाबा म्हणाले, "टाकी रिकामी करा." साहेब खदाखदा हसला. बाजूच्या कारकुनाला इंग्रजीत काहीतरी म्हणाला आणि हातानंच बाबांना जायला सांगितलं.

"मला समदं येत व्हतं," बाबा म्हणाले. "म्हनून दावू का?"

आईनं कपाळाला हात लावला. मी खांबाला टेकून उभी होते. मग बाबा माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुजा काय दोष नाय गं. तू चांगलं शिकवलंस. त्या सायबालाच पद्धत म्हाईत नसंल."

मी आत गेले आणि पुस्तक उघडून बसले. रडलेसुद्धा नाही. त्या वेळी मला राग आला होता आणि तो त्यांचा आला होता. एवढं साधं येत नाही, असा. तसाच आला होता. आपण ज्याचं वाटोळं केलं त्याचाच आपल्याला राग येतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं.

कारखान्यात त्यांची टिंगल झाली. भर म्हटलं की ओतणारा, असं त्यांना चिडवायचे. बाबा स्वतःही त्या हसण्यात सामील व्हायचे, असं ऐकलं. आणि ते टाकीवरच राहिले.

डॉक्टरांचं म्हणणं जवळजवळ बरोबर निघालं. पाच वर्षं. मी दहावी झाले, डी.एड. झाले, कर्जतला नोकरीला लागले, आणि तिकडे बाबांचे खांदे दर वर्षी थोडे थोडे वर चढत गेले, श्वास ओढता ओढता. शेवटच्या वर्षी कारखान्यानं त्यांना घरी बसवलं. मी त्यांना कर्जतच्या खोलीवर आणलं. मुंबईच्या सरकारी दवाखान्यात दोन खेपा झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून इंग्रजीत सांगितलं, ब्रीद इन, ब्रीद आउट. बाबांचे डोळे चमकले. माझ्याकडे बघून म्हणाले, "इन आनि आउट. आपल्या कागदावर व्हते." त्यांना 'आउट' जमत होतं. 'इन' जमत नव्हतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्याबद्दल सांगायचे. माझ्या पोरीनं मला इंग्रजी शिकवलं म्हणायचे. आणि बसल्या जागी, भिंतीला टेकून, दोन हुकमांच्या मध्ये थांबत थांबत, जमतील तेवढे म्हणून दाखवायचे. सहा-सात झाले की धाप लागायची. पाहुणे माझ्याकडे कौतुकानं बघायचे. मी चहा टाकायला उठायची.

खरं सांगायचं मी तीनदा ठरवलं. एकदा तर त्यांच्या उशाशी जाऊन बसले आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं. ते म्हणाले, "सांग की." मी म्हटलं, उद्या शाळेला सुट्टी आहे. ते म्हणाले, "बरं झालं, तू पन दमतीस."

उन्हाळ्यात एका दुपारी ते गेले. पंखा चालू होता आणि मी पेपर तपासत होते. खोली एकदम शांत झाली तेव्हा मी मान वर केली.

पुण्यानुमोदन आमच्या वस्तीतच झालं. मंडप घातला होता, वंदना झाली, मग माणसं एकेक करून उठून बाबांबद्दल बोलली. शेवटी त्यांच्या खात्यातले एक जोडीदार उठले. बाबांबरोबर पंधरा वर्षं टाकीवर उभे राहिलेले, पण त्या परीक्षेत पास होऊन केबिनीत गेलेले. दात बाबांसारखेच झिजलेले, पण अजून धडधाकट होते. त्यांना माइकची सवय नव्हती. ते म्हणाले, मी एकच गोष्ट सांगतो आणि बसतो.

"आमची तोंडी परीक्षा व्हती. माजा नंबर पयल्या दिवशी आला, ह्यांचा दुसऱ्या. मी भायेर आलो तसा सायकल मारत ह्यांच्या टाकीवर गेलो. म्हनलं, दोस्ता, सायेब ओळीनं इचारीत नाय, कुटनंपन इचारतो. आजची रात हातात हाय, मी तुज्या घरी येतो, आपन दोघं बसू, मी मधनं मधनं इचारतो, तू सांग. मला बी पयल्यानं येत नव्हतं, माज्या मेव्हन्यानं तसंच बसवून करून घेतलं. तर ह्यो मानूस मला काय म्हनाला म्हायती हाय का?" त्यांनी मंडपावरून नजर फिरवली आणि माझ्याशी थांबवली. "म्हनाला, तू येऊ नगंस. माजी पोरगी शिकल्याली हाय, ती म्हनती ओळीनंच इचारत्यात. ती कशाला खोटं बोलंल? तुज्याच वक्ताला काय चुकलं असंल. मी लय सांगितलं, पर ऐकलं नाय. मंडळी, पोरीवर आन् तिच्या शिक्षणावर एवढा इस्वास ठेवनारा बाप मी पुन्यांदा बघितला नाय."

मंडपात कुणीतरी 'साधू' म्हणालं. मग सगळेच म्हणाले. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माइक माझ्याकडे आणला. म्हणाला, ताई, दोन शब्द बोला.

मी उभी राहिले. समोर सगळी वस्ती बसली होती. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी माझ्याकडे बघून आपल्या मुलींना शाळेत घातलं होतं. मी म्हणाले, "बाबांचा माझ्यावर फार विश्वास होता." मग माइक परत दिला आणि खाली बसले. शेजारी बसलेल्या आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तो फिरवू दिला.